बेटावरची बाळंतपणे : उजनीच्या काठावर आणि उसाच्या फडात

बेटांवर राहणाऱ्या लोकांची बाळंतपणे हा सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासातला जुना विषय आहे. लक्षद्वीप असो की पॅसिफिक महासागरातले एखादे छोटे बेट, तेथे बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे जन्मले, आईला अचानक रक्तस्राव सुरू झाला किंवा झटके आले, तर पुढचे सगळे एकाच प्रश्नावर येऊन थांबते : मदत किती वेळात मिळेल? तिथल्या आईचे शरीर इतरांसारखेच असते. रक्तक्षय, रक्तदाब, जंतुसंसर्ग हे आजारही तेच असतात. मात्र मुख्य भूमीवर जो आजार वेळीच सापडतो आणि आटोक्यात येतो, तोच बेटावर उशिरा सापडतो आणि जिवावर बेततो.

इंदापूर तालुक्याला समुद्र नाही. तरीही हा तालुका तीन बाजूंनी पाण्याने वेढलेला आहे. उत्तरेला आणि पूर्वेला भीमा, दक्षिणेला नीरा आणि नरसिंहपूरला दोघींचा संगम. या पाण्यावर ऊस उभा राहिला, उसावर साखर कारखाने उभे राहिले आणि बारामती-इंदापूरचा पट्टा राज्यातल्या सधन भागांत गणला जाऊ लागला. इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. पन्नासएक किलोमीटरवर बारामतीत महिला शासकीय रुग्णालय आहे आणि २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. नकाशावर पाहिले तर इथल्या कोणत्याही गरोदर बाईला उपचार दूर नाहीत.

पण नकाशावर न दिसणारी दोन बेटे याच भागात आहेत. एक उजनीच्या फुगवट्याच्या काठावरचे, दुसरे उसाच्या फडातले. नवा गळीत हंगाम तोंडावर असताना या दोन्ही बेटांकडे डोळे उघडून पाहायला हवे.

पाण्याचे बेट

भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसी क्षमतेच्या या यशवंतसागर जलाशयाने इंदापूर, करमाळा, माढा आणि दौंड या तालुक्यांतील अनेक गावांची जुनी जागा पोटात घेतली. पळसदेवच्या जुन्या मंदिराचे शिखर उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते आणि बातमी होते. पाण्याखाली गेलेल्या रस्त्यांची मात्र बातमी होत नाही. पूर्वी नदी ओलांडून ज्या गावाला जाता येत असे, ते गाव आता समोर दिसते, पण रस्त्याने जायचे तर मोठा वळसा पडतो. म्हणून लोक आजही होडीने, लाँचने पलीकडे जातात. बाजार, शाळा, नातेवाईक आणि दवाखानाही अनेकांसाठी पाण्यापलीकडेच असतो.

या प्रवासाची किंमत २१ मे २०२४ रोजी सगळ्या राज्याने पाहिली. करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी बोट संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहून काठाला लागला, सहा जण बुडाले. मृतांमध्ये लहान मुलेही होती. त्या वेळी धरण उणे पातळीत होते, म्हणजे पाणी खूप कमी होते. त्यानंतर पुलाची चर्चा झाली, सुरक्षा जॅकेटची चर्चा झाली. मात्र रात्री कळा सुरू झालेल्या बाईने या पाण्याचे काय करायचे, याची चर्चा फारशी झाली नाही. वारा सुटला की होडी बंद, अंधार पडला की होडी बंद. बाळंतपणाला दिवस-रात्र कळत नाही.

काठावरच्या मासेमारी करणाऱ्या कुटुंबांचे आणखी एक दुखणे असते. पाणी वाढते तशी पाले मागे सरकतात, ओसरते तशी पुढे जातात. ज्या वस्तीला कायमची जागा नाही, तिच्याकडे आशा सेविकेची ठरलेली फेरी होणे अवघड असते.

उसाचे बेट

दुसरे बेट पहिल्यापेक्षा मोठे आहे. दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, अहिल्यानगर, धाराशिव अशा जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या इंदापूर-बारामतीकडे येतात. कारखान्याच्या तळावर किंवा फडाजवळच्या मोकळ्या रानात पाचटाच्या, बांबूच्या आणि प्लॅस्टिकच्या कागदाच्या कोप्या उभ्या राहतात. पुढचे पाच-सहा महिने हेच घर. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो आणि त्या जोडीच्या नावावर मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस काम चुकले तर 'खाडा' लागतो आणि खाड्याची रक्कम उचलीतून वळती होते किंवा पुढच्या हंगामावर चढते. दवाखान्यात जाणे म्हणजे दोघांची एक दिवसाची मजुरी बुडणे आणि वर दंड भरणे. मोफत सरकारी उपचार या हिशेबात मोफत राहत नाहीत.

या कामगारांमध्ये गरोदर स्त्रिया किती असतात? एकट्या बीड जिल्ह्याबाबत २०२५ मध्ये जी आकडेवारी बाहेर आली, तीनुसार एका हंगामात १,५२३ स्त्रियांनी गरोदरपणात उसाच्या फडात काम केले होते. हा आकडा एका जिल्ह्यातून स्थलांतर केलेल्यांचा आहे. त्या राज्यभरातल्या आणि शेजारच्या राज्यांतल्या कारखान्यांवर विखुरलेल्या असतात, म्हणून कोणत्याही एका तालुक्यात त्या मोठ्या संख्येने दिसत नाहीत. दिसत नाहीत म्हणून त्यांच्यासाठी वेगळी सोयही होत नाही.

गरोदरपण आणि हंगाम यांचे गणित मांडून पाहिले तर धोका स्पष्ट होतो. ऑक्टोबरअखेर गाव सोडताना जिला दुसरा महिना आहे, तिचा तिसऱ्यापासून सातव्यापर्यंतचा काळ फडात जातो. बाळाचे अवयव तयार होण्याचा शेवटचा टप्पा, वाढीचा मुख्य काळ आणि रक्तदाब वाढू लागण्याचा काळ हाच असतो. जिला निघतानाच पाचवा महिना आहे, तिचे बाळंतपण फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे हंगाम सुरू असतानाच येते. पाच-सहा महिन्यांच्या हंगामातून नऊ महिन्यांचे गरोदरपण सहीसलामत बाहेर काढणे जवळपास अशक्य आहे.

धोका कशातून तयार होतो

अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ 'कमी वजनाचे' आणि ३७ आठवड्यांपूर्वी जन्मलेले बाळ 'अपुऱ्या दिवसांचे' मानले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात वजन नोंदवलेल्या बाळांपैकी साधारण १८ टक्के बाळे अडीच किलोखाली होती. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात, पण त्यांचे उपचार वेगळे आहेत. सव्वादोन किलोचे बाळ ३९ व्या आठवड्यात जन्मले तर ते पोटात नीट वाढले नाही असे समजायचे. तेच ३४ व्या आठवड्यात जन्मले तर ते लवकर आले आहे आणि त्याची फुप्फुसे कच्ची असू शकतात. हा फरक कळण्यासाठी शेवटच्या पाळीची तारीख किंवा पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी लागते. ज्या बाईची नोंदणीच सातव्या महिन्यात होते, तिच्या बाबतीत डॉक्टरलाही अंदाजावर चालावे लागते.

पहिला मोठा धोका रक्तक्षयाचा. त्याच पाहणीनुसार महाराष्ट्रातील गरोदर स्त्रियांपैकी ४५.७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की गरोदरपणात रक्तक्षय धरतात आणि ७ च्या खाली गेले की तो तीव्र. अशा आईच्या बाळाला प्राणवायू आणि पोषण कमी मिळते. शिवाय प्रसूतीच्या वेळी जो रक्तस्राव दुसरी बाई सहन करते, तोच हिला धोक्याच्या कडेवर नेतो. लोहाच्या गोळ्या गावात मिळतात, पण गाव सोडले की त्यांचा नेम चुकतो. गोळी उपाशीपोटी सोसत नाही म्हणून बंद होते किंवा चहाबरोबर घेतली जाते आणि चहा लोह शोषू देत नाही.

दुसरा धोका वजन उचलण्याचा आणि उन्हाचा. ऊस तोडून, मोळी बांधून ती डोक्यावरून गाडीत चढवायची, हे काम पहाटे सुरू होते आणि दिवसभर चालते. तासन् तास वाकून किंवा उभे राहून काम करणे आणि जड ओझी उचलणे यांचा संबंध अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीशी आणि बाळाची वाढ खुंटण्याशी अनेक अभ्यासांत आढळला आहे. मार्च-एप्रिलमध्ये ऊन तापते तेव्हा त्यात भर पडते. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २०२० साली आलेल्या एका व्यापक आढाव्यात तापमानातील प्रत्येक एक अंश वाढीमागे अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि मृतजन्म या दोन्हींची जोखीम सुमारे ५ टक्क्यांनी वाढत असल्याचे दिसले. हंगाम लांबला की हा धोकाही लांबतो.

तिसरा धोका फारसा बोलला जात नाही. कोप्यांजवळ शौचालय नसते, आडोसा नसतो. म्हणून बाया दिवसभर पाणी कमी पितात आणि लघवी रोखून धरतात. गरोदरपणात मूत्रमार्गाचा संसर्ग मुळातच लवकर होतो. कधी जळजळही न होता तो वर मूत्रपिंडापर्यंत चढतो, थंडी वाजून ताप येतो आणि त्यातून वेळेआधी कळा सुरू होतात. लघवीची एक साधी तपासणी आणि गरोदरपणात चालणारी प्रतिजैविके यांनी हे टाळता येते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला वाचवण्याच्या खर्चापुढे हा खर्च नगण्य आहे.

चौथा धोका रक्तदाबाचा. विसाव्या आठवड्यानंतर काहींचा रक्तदाब वाढतो, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. सुरुवातीला काहीच जाणवत नाही. पायावरची सूज दिवसभराच्या उभ्या कामाची समजली जाते, डोकेदुखी उन्हाची समजली जाते. मग एके दिवशी झटके येतात. यंत्र लावून रक्तदाब मोजल्याशिवाय हा आजार लवकर ओळखता येत नाही. बेटावरच्या बाईसाठी सगळ्यात महत्त्वाचे उपकरण कोणते, असे विचारले तर उत्तर रक्तदाब मोजण्याचे यंत्र हेच आहे.

याखेरीज चुलीचा धूर, मशेरी आणि तंबाखू हे सगळे बाळाचे वजन कमी करतात. मशेरीने भूक मरते आणि काम रेटता येते, म्हणून ती सुटत नाही. डिसेंबर-जानेवारीत जन्मलेल्या बाळाला आणखी एक धोका असतो, तो थंडीचा. उघड्या रानातल्या कोपीत पहाटेचा गारठा मोठ्या माणसाला सोसवत नाही. दोन किलोच्या बाळाचे अंग तासाभरात गार पडते, ते दूध ओढेनासे होते आणि सकाळी 'बाळ निपचित झाले' एवढेच सांगता येते.

धोका लग्नापासून सुरू होतो

यातल्या बऱ्याच गोष्टींचे मूळ गरोदरपणाच्या आधीच सापडते. राज्यात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाल्याचे पाहणी सांगते. बीड जिल्ह्यात हेच प्रमाण ४३.७ टक्के होते. यामागे केवळ रूढी नाही. उचल जोडीला मिळते, एकट्याला तितकी मिळत नाही. शिवाय आई-बाप सहा महिने परगावी असताना वयात आलेल्या मुलीला मागे कोणाकडे ठेवायचे, हाही घोर असतो. ऊसतोडीच्या जगात घाईने उरकलेल्या अशा लग्नांना 'गेटकेन' असे नावच पडले आहे.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचे स्वतःचे शरीर अजून वाढत असते. पोटातले बाळ आणि आई यांच्यात पोषणाची ओढाताण होते. अशा मुलींमध्ये रक्तक्षय, उच्च रक्तदाब आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूती जास्त आढळते. त्यात दोन मुलांमध्ये पुरेसे अंतर नसते. एका बाळंतपणानंतर पुढचा गर्भ राहण्याआधी किमान दोन वर्षे जावीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. इथे विशीच्या आत दोन-तीन बाळंतपणे होऊन जातात. मग पाळीचा त्रास आणि खाड्याची भीती यांतून गर्भाशयच काढून टाकण्याचा मार्ग पुढे येतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे जवळपास १७ टक्के. या आकड्यावर विधिमंडळात चर्चा झाली आणि ती योग्यच होती. पण ज्या कामाच्या रचनेने गर्भाशय ही अडचण ठरवली, तीच रचना गर्भातल्या बाळालाही अडचण मानते, हा दुवा चर्चेत सुटून गेला.

तीन उशीर

मातामृत्यूंच्या अभ्यासात 'तीन उशीर' ही मांडणी १९९४ पासून वापरली जाते. पहिला उशीर दवाखान्यात जायचे ठरवण्यात, दुसरा तेथे पोहोचण्यात आणि तिसरा पोहोचल्यावर योग्य उपचार सुरू होण्यात. उजनीच्या काठावर दुसरा उशीर मोठा आहे. मध्ये पाणी असते, रात्र असते.

उसाच्या फडात पहिला उशीर सर्वांत मोठा आहे. निर्णय बाईच्या हातात नसतो. नवरा मुकादमाकडे बघतो, मुकादम ट्रॅक्टरच्या खेपेकडे बघतो. सोबत आलेली सासू किंवा जाऊ 'आमची बाळंतपणं अशीच झाली' म्हणते. त्यात परमुलूख. कोणता दवाखाना, कोणाला विचारायचे, रात्री गाडी कुठून आणायची हे माहीत नसते. १०८ क्रमांकाला फोन लावला तरी 'कुठे यायचे' या प्रश्नाला उत्तर देणे कठीण जाते. उसाच्या रानातल्या कोपीला पत्ता नसतो. गावातला माणूस ज्या गटाला एका नावाने ओळखतो, ते नाव परगावच्या मजुराला ठाऊक नसते.

तिसरा उशीर कागदाचा आहे. बाई पोहोचते तेव्हा तिच्याजवळ माता व बाल संरक्षण कार्ड नसते. ते गावी पेटीत राहिलेले असते. रक्तगट, आधीचे हिमोग्लोबिन, पहिले बाळंतपण शस्त्रक्रियेने झाले होते का, काहीच समजत नाही. सगळ्या तपासण्या नव्याने कराव्या लागतात आणि नेमका तोच वेळ हातातून निघून जातो. प्रसूतीनंतरचा जोराचा रक्तस्राव दोन तासांत जीव घेऊ शकतो. न रडलेल्या बाळाला तर पहिल्या मिनिटात श्वास द्यावा लागतो.

महाराष्ट्राचा मातामृत्यू दर २०१८-२० मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता. केरळनंतर देशात सर्वांत कमी. संस्थेत होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण ९४.७ टक्के आहे. ही कामगिरी मोठी आहे आणि ती आशा सेविका, आरोग्यसेविका आणि सरकारी दवाखान्यांनी कष्टाने साधली आहे. पण सरासरी जितकी सुधारते, तितके उरलेल्या पाच टक्क्यांकडे दुर्लक्ष होण्याचा धोका वाढतो. ते पाच टक्के राज्यभर सारखे पसरलेले नसतात. ते अशाच बेटांवर साचलेले असतात.

ही आई कोणाच्या यादीत?

गावी असताना बाईचे नाव आशाच्या वहीत असते. पहिलटकरीण माहेरी गेली तर माहेरच्या आशाकडेही नोंद होते. ती फडावर आली की तिच्या गावच्या वहीत 'स्थलांतरित' असा शेरा पडतो. इंदापूर किंवा बारामतीच्या वहीत मात्र ती येतेच असे नाही, कारण तळावरचे लोक गावाच्या लोकसंख्येत धरलेले नसतात. बाळ दगावले तर ते नेमके कोणाच्या हद्दीत दगावले, यावरही दोन्हीकडे प्रश्नचिन्ह राहते. मृत्यू कोणाच्याच हिशेबात आला नाही, तर त्याचे कारण शोधण्याची जबाबदारीही कोणावर येत नाही.

स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवण्यासाठी महिला व बालविकास विभागाने संगणकीय प्रणाली आणली आहे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याणकारी महामंडळ आहे. त्यासाठी कारखान्यांकडून प्रतिटन १० रुपये आणि शासनाकडून तेवढीच रक्कम अशी तरतूद झालेली आहे. म्हणजे कल्पना आहे, संस्था आहे, पैशाचा मार्गही आहे. कमी आहे ती इतकीच की गाडी तळावर लागली त्या आठवड्यात कोणीतरी कोपी-कोपी फिरून 'इथे कोणाला दिवस गेलेत?' असे विचारावे आणि ते नाव लिहून घ्यावे.

इतर बेटांनी काय केले

खऱ्या बेटांनी यावर उत्तरे शोधली आहेत. लक्षद्वीपच्या ३६ बेटांपैकी दहा बेटांवर वस्ती आहे. तेथे मोठी शस्त्रक्रिया प्रत्येक बेटावर शक्य नाही. तरीही जवळपास सर्व प्रसूती दवाखान्यात होतात आणि अवघड रुग्णाला हेलिकॉप्टरने कोचीला हलवण्याची व्यवस्था आहे. बेट छोटे असल्याने प्रत्येक गरोदर बाई माहीत असते, हा तिथला मोठा फायदा. क्यूबाने १९६२ पासून 'माता निवास' सुरू केले. दूरच्या वस्तीतली किंवा जोखमीची गरोदर बाई प्रसूतीच्या आधीच दवाखान्याजवळ राहायला येते.

महाराष्ट्रातही हे झाले आहे. आदिवासी जिल्ह्यांतील 'माहेरघर' योजना याच धर्तीवर चालते. प्रसूतीच्या काही दिवस आधी बाई आरोग्य केंद्राजवळ येऊन राहते आणि तिच्या बुडालेल्या मजुरीपोटी रोज ठराविक रक्कम मिळते. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटा नदी रस्ता तोडते, म्हणून तेथील गरोदर स्त्रियांना पूर येण्याआधीच हलवले जाते. नंदुरबारमध्ये सरदार सरोवराच्या पाण्याने वेढलेल्या पाड्यांसाठी तरंगता दवाखाना चालवला गेला. याच भागातील चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे २०२० च्या टाळेबंदीत स्वतः होडी वल्हवत पाड्यांवर पोहोचल्या, गरोदर स्त्रियांना आणि बाळांना तपासत राहिल्या. उजनीचे पाणी नर्मदेच्या त्या पाण्यापेक्षा काही अवघड नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी शिकवली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. पुढे घरभेटींचा हा मार्ग देशभरातल्या आशा सेविकांच्या कामात आला. ऊसतोडीच्या प्रत्येक टोळीत अशी एक शिकवलेली बाई असणे ही त्याचीच पुढची पायरी आहे. टोळी जिथे जाईल तिथे तीही जाईल.

इंदापूर-बारामतीत काय शक्य आहे

पहिले काम यादीचे. प्रत्येक हंगामाआधी साखर आयुक्तालयाकडून कारखान्याला गाळप परवाना घ्यावा लागतो. टोळी तळावर आल्यापासून आठ दिवसांत गरोदर स्त्रिया आणि दोन वर्षांखालची मुले यांची यादी तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे देणे, ही अट त्या परवान्याशी जोडता येते. कारखान्याकडे प्रत्येक गाडीची, प्रत्येक टनाची नोंद असते. उसाची इतकी काटेकोर मोजदाद ठेवणाऱ्या यंत्रणेला माणसांची यादी जड जाऊ नये.

दुसरे काम आठवड्याच्या फेरीचे. ठरलेल्या दिवशी, काम सुटल्यावर संध्याकाळी, आरोग्यसेविका तळावर आली तर खाडा न लागता तपासणी होते. रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवी, पोटाची वाढ, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या, धनुर्वाताची लस. एवढ्यावर बहुतेक धोके सापडतात. मध्यम रक्तक्षय असलेल्या बाईला गाव सोडण्याआधीच, चौथ्या महिन्यानंतर, शिरेतून लोह देता येते. आता एका बैठकीत पुरेसा डोस देता येणारी औषधे उपलब्ध आहेत. सहा महिने गोळ्यांचा नेम राहणार नाही हे माहीत असताना हा मार्ग जास्त व्यवहार्य आहे.

तिसरे काम खाड्याचे. गरोदर बाईच्या तपासणीच्या दिवसाचा आणि सातव्या महिन्यापासूनच्या विश्रांतीचा खाडा महामंडळाच्या निधीतून भरून देता येईल. माहेरघर योजनेत बुडीत मजुरी देण्याचे तत्त्व राज्याने मान्य केलेलेच आहे. ते उसाच्या फडाला लागू केले तर दवाखाना खऱ्या अर्थाने मोफत होईल.

चौथे काम पत्त्याचे. प्रत्येक तळाला एक क्रमांक, ठळक पाटी आणि ते ठिकाण १०८ च्या यंत्रणेत नोंदलेले. काठावरच्या गावांसाठी रात्रीच्या प्रसंगाला कोणती होडी, कोणता चालक आणि पलीकडच्या काठावर कोणती गाडी, हे आधी ठरलेले. आणि ज्यांची जोखीम जास्त आहे, त्यांना नवव्या महिन्यात इंदापूर किंवा बारामतीत दवाखान्याजवळ राहण्याची सोय. पूल होईल तेव्हा होईल, तोवरची बाळंतपणे थांबणार नाहीत.

घरच्यांनी आणि टोळीने लक्षात ठेवावे असे

गरोदरपणात अंगावरून रक्त जाणे, सतत डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर किंवा हातांवर सूज, झटके, थंडी वाजून ताप, पोटातल्या बाळाची हालचाल कमी होणे, नऊ महिने भरण्याआधी कळा किंवा पाणी जाणे. यातले काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. दिवस भरण्याआधी कळा सुरू झालेली बाई वेळेत पोहोचली, तर बाळाची फुप्फुसे पक्की होण्यासाठी आईला इंजेक्शन देता येते. त्याचा पूर्ण परिणाम व्हायला साधारण एक दिवस लागतो. म्हणून लवकर निघणे हाच अर्धा उपचार आहे.

बाळ छोटे असेल तर त्याला कोरडे करून आईच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लावून ठेवावे, वरून दोघांना पांघरूण घालावे, डोक्याला टोपी घालावी आणि पहिल्या तासात अंगावर पाजावे. आईला जमत नसेल तर बाप किंवा आजीही बाळाला असे छातीशी धरू शकतात. जनवरीच्या थंडीत कोपीतून दवाखान्यापर्यंतच्या प्रवासात याहून चांगली ऊब दुसरी नाही.

प्रसूती, शस्त्रक्रिया, रक्त, औषधे आणि नेण्या-आणण्याचे वाहन सरकारी रुग्णालयात मोफत आहे. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने २०११ पासून हा हक्क दिला आहे. बाई कोणत्या जिल्ह्यातली आहे, रेशन कार्ड कुठले आहे, यावरून तो अडत नाही. गाव सोडताना कोयत्याबरोबर माता व बाल संरक्षण कार्डही घ्यावे आणि त्याचा फोटो नवऱ्याच्या मोबाइलमध्ये ठेवावा.

इंदापूरच्या उसावर ज्यांचा संसार चालतो, त्यात शेतकरी, वाहतूकदार, कारखान्याचे कामगार आणि बाजारपेठेतले व्यापारी सगळे येतात. शेतात टोळी उतरली की शेतकरी ऊस कधी तुटेल हे विचारतोच. त्याच वेळी टोळीत कोणाला दिवस गेले आहेत का, हेही विचारून गावच्या आशा ताईला एक फोन केला, तर त्या बाईचे नाव त्याच दिवशी यादीत येते आणि उपचाराची पहिली पायरी तिथेच सुरू होते.